सोमवारी सुटलेला ब्रश

चौथी ‘ब’च्या बाईंनी बावीस वर्षं गणित शिकवलं होतं. ‘खूप मुलं आली होती’ असं त्या कधी म्हणत नसत. ‘सत्तावीस आली होती’ असं म्हणत. चहात साखर किती विचारलं तर ‘पाऊण चमचा’ सांगत आणि तो पाऊणच आहे ना, हे वाकून बघत. त्यामुळे भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाईंनी त्यांचा तास नेमका या बाईंच्या गळ्यात मारला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी घाईघाईनं वह्या तपासायला घेतल्या. हसू लपवायला वहीसारखी दुसरी जागा नाही. कारण पुढचा पाठ होता ‘थापांच्या गोष्टी’.

पाठ असा होता : लोणकढी थाप म्हणजे काय ते मुलांना सांगायचं, सोबतचं चार पानी नाटुकलं वर्गात वाचून घ्यायचं आणि तीन आठवड्यांनी पालक येतील तेव्हा ते करून दाखवायचं.

बाईंनी फळ्यावर ‘अतिशयोक्ती’ असा शब्द लिहिला, खाली तीन मुद्दे लिहिले, मुद्द्यांखाली पट्टीनं रेघ मारली. मुलांनी ते सगळं रेघेसकट उतरवून घेतलं. मग नाटुकलं वाचायला सुरुवात झाली. त्यातला पैलवान एका फुंकरीत डोंगर उडवायचा. पैलवानाचं काम मिळालं होतं भोंग्याला. भोंगा म्हणजे वर्गातला सर्वांत मोठ्या आवाजाचा मुलगा. तो ‘हजर’ म्हणाला की शेजारच्या वर्गातलेही दचकून हजेरी देत. पण त्यानंसुद्धा वाचलं ते असं : ‘मी. एका. फुंकरीत. डोंगर. उडवला.’ जणू वाण्याची यादी.

‘बाई,’ दुसऱ्या बाकावरून हात वर झाला. तो हात कुणाचा आहे हे न बघताही बाईंना कळलं. त्या मुलीला सगळा वर्ग ‘पुरावा’ म्हणायचा. कुणी म्हणालं, काल आमच्याकडे पाहुणे आले होते, की ही विचारणार, ‘पुरावा काय?’ एरवी बाईंना ती फार आवडायची.

‘बाई, फुंकरीनं डोंगर उडत नाही.’

‘नाही उडत.’

‘म्हणजे हे खोटं आहे.’

‘हो... म्हणजे, हो.’

‘मग आपण खोटं बोलायला शिकतोय का?’

एकतीस जोड्या डोळे बाईंकडे लागले. बाईंनी खडू या हातातून त्या हातात घेतला. त्यांना प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं एवढंच नाही, तर तो प्रश्न त्यांचा स्वतःचाच होता. तेवढ्यात घंटा झाली आणि बाई वाचल्या.

तो प्रश्न त्यांचा असण्याचं कारण घरात होतं. बाईंचे वडील रंगारी होते, उंचावर काम करणारे. पाण्याच्या टाक्या, मोठाले फलक, कारखान्यांच्या चिमण्या. संध्याकाळी हातपाय धुऊन ते बसले की दिवसभराचं जे सांगत त्यात दिवसभरातलं फारसं काही नसे. लहानपणी बाईंना त्यातला शब्दन् शब्द खरा वाटायचा. चौथीत असताना त्यांनी भर वर्गात उभं राहून सांगितलं, ‘माझ्या बाबांनी तीन वर्षं एकच चिमणी रंगवली.’ आधी वर्गाला कळलंच नाही की कारखान्याची चिमणी. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘चिव चिव’ केलं. मास्तर म्हणाले, ‘आणि तीन वर्षं ती गप्प बसली का गं?’ वर्ग हसून लोळला. ती कारखान्याची आहे हे समजावताना त्यांनी पुढचीही गोष्ट सांगून टाकली, आणि मग तर विचारूच नका. पुढचं अख्खं वर्ष त्यांना बघितलं की मुलं हातांचे पंख करत. तेव्हापासून त्यांनी आकड्यांचा हात धरला तो धरलाच. आकडे दगा देत नाहीत.

आता बाबा बहात्तर वर्षांचे होते आणि बाईंकडेच राहत होते. गेल्या वर्षी बाईंच्या मैत्रिणी चहाला आल्या असताना बाबांनी नुकतीच कुठे शिडी उचलली होती, गोष्टीतली, तोच बाई म्हणाल्या, ‘बाबा, पुरे हो आता. ऐकणाऱ्याला खरं वाटतं.’ बाबा हसले. चष्मा शोधतो म्हणून आत गेले, आणि बाहेर आलेच नाहीत. चष्मा तर त्यांच्या नाकावरच होता. त्यानंतर ते फक्त खरं बोलू लागले. ‘दूधवाला आज सव्वासातला आला.’ ‘मोरीतला बल्ब गेलाय.’ पहिला महिनाभर बाईंना हायसं वाटलं. मग घर सुट्टीतल्या शाळेसारखं वाटायला लागलं. सगळं जागच्या जागी, आणि ओरडायला कुणी नाही.

त्या संध्याकाळी बाबा मटार सोलत बसले होते. बाई समोर येऊन बसल्या, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाल्या, ‘बाबा, थाप आणि खोटं यात फरक काय?’

‘मला काय विचारतेस? मी दोन्ही सोडलंय.’

‘बाबा.’

‘खरंच सांगतो. आता तर मी खरंच सांगतो.’

बाईंनी वर्गातली सगळी हकिगत सांगितली. भोंग्याची फुंकर सांगितली तेव्हा बाबांच्या मिशीला जरा गुदगुल्या झाल्या. मग जे बोलायला त्यांना वर्ष लागलं होतं ते बाई बोलल्या. ‘त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत गप्प केलं. मला तसं करायला नको होतं.’

बाबांनी एक शेंग उघडली. सोलली मात्र नाही. ‘मलाही एक सांगायचं राहिलंय,’ ते म्हणाले. ‘तू चौथीत होतीस, रडत घरी आलीस. मला वाटायचं, पोरीला कळतंय, गंमत म्हणून ऐकतेय. तुला ते खरं वाटत होतं हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं.’

‘काय?’

‘हेच, फरक. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, समोरच्याला कळू नये. थाप मारणाऱ्याला वाटतं, कळावं. आणि कळूनही त्यानं म्हणावं, बरं, मग पुढे?’

बाईंनी थोडा वेळ मटार मोजल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, ‘गुरुवारी माझा तास सव्वाअकराला असतो.’

‘चालेल,’ बाबा म्हणाले. ‘मी बुधवारीच निघतो.’

बाईंना कळायला एक क्षण लागला. शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती.

गुरुवारी बाबा धुतलेला सदरा घालून वर्गात आले. फळ्याकडे, तीन मुद्द्यांकडे त्यांनी आदरानं पाहिलं आणि खुर्चीवर न बसता टेबलाच्या कडेला टेकले.

‘मी रंगारी,’ ते म्हणाले. ‘एकदा मला एका कारखान्याची चिमणी रंगवायला बोलावलं. उडणारी नाही, धुराची. केवढी उंच? मी खालून रंगवत रंगवत वर पोचलो, तोवर खालचा रंग जुना होऊन उडाला होता. परत खाली. परत वर. अशी तीन वर्षं गेली. जेवणाचे डबे तीन न्यावे लागत. एक निघताना, एक वाटेत, आणि एक वरती, पाहुणे आले तर.’

‘वर कोण पाहुणे येणार?’ भोंगा ओरडला.

‘ढग,’ बाबा म्हणाले. ‘अगदी ओल्या रंगाला चिकटून बसायचे. सोडवता सोडवता नाकी नऊ यायचे. तर एका सोमवारी दुपारी बारा वाजता माझ्या हातून ब्रश सुटला. आता आली का पंचाईत! मी उतरलो. चहा घेतला. केस कापून घेतले. एका लग्नाला जाऊन आलो. आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता चिमणीखाली उभा राहिलो आणि हात पुढे केला. टप्प! ब्रश हातात.’

वर्ग खिदळला. दुसऱ्या बाकावरचा हात वर गेला.

‘आजोबा, माझी आई लिफ्ट दुरुस्त करते,’ पुरावा म्हणाली. ‘ती सांगते, चांगली लिफ्ट मिनिटाला वीस मजले जाते. ब्रश लिफ्टपेक्षा हळू पडणार नाही.’

‘अजिबात नाही. चांगला ब्रश होता.’

‘सोमवार बारा ते गुरुवार बारा म्हणजे बहात्तर तास.’ तिनं वही पुढे ओढली. पेन्सिल कुरकुरली. वर्ग थांबला. बाईंनीही मनातल्या मनात हिशेब करून ठेवला. ‘चार हजार तीनशे वीस मिनिटं. गुणिले वीस. म्हणजे ती चिमणी निदान शहाऐंशी हजार चारशे मजल्यांएवढी उंच पाहिजे.’

तिनं डोळे रोखून पाहिलं. आता आजोबा सापडले, असं सगळ्यांना वाटलं.

बाबांनी कपाळाला हात लावला. ‘शहाऐंशी हजार चारशे एक,’ ते म्हणाले. ‘तू तळमजला धरला नाहीस.’

वर्गात जो हलकल्लोळ झाला त्यात फक्त दोघी गप्प होत्या. पुरावा वहीकडे बघत होती. बाई पुरावाकडे बघत होत्या. मग त्या मुलीनं खोडरबर घेतलं, शेवटचं शून्य पुसलं, तिथे एक लिहिला आणि म्हणाली, ‘बरं. मग पुढे?’

छापील नाटुकलं त्या दिवशी कपाटात गेलं. नवं नाटक वर्गानंच लिहायचं ठरलं. बाईंनी एकच नियम घातला : ज्याला थाप घालायची त्यानं ती आकड्यासकट घालायची. ‘चिमणी खूप उंच होती’ चालणार नाही. खूप म्हणजे किती? बाईंना भाषा येत नसेल, पण ‘किती’ विचारायला त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आणि गंमत अशी की आकडा आला की थाप ताठ उभी राहायची. ‘वर थंडी होती’ याला कुणी हसलं नाही. ‘वर इतकी थंडी होती की तोंडातून निघालेले शब्द गोठून खाली पडायचे, आणि खालच्या माणसानं ते शेगडीवर ठेवून ऐकायचे, एका वाक्याला साडेचार मिनिटं,’ याला सगळा वर्ग आडवा झाला. हे सुचलं होतं एरवी तोंडही न उघडणाऱ्या एका मुलीला. भोंग्यानं लगेच विचारलं, ‘आणि शिवी असेल तर लवकर वितळते का?’

बाईंनी त्याला दटावलं आणि तोंड फिरवून हसून घेतलं.

संहिता लिहिताना मुलांना कळलं की कोण काय बोलतो एवढंच लिहून भागत नाही. कुणी कुठून यायचं, कधी थांबायचं, कशाकडे बघायचं, तेही लिहावं लागतं. कंसात ‘वर बघतो’ लिहिलं की रंगारी झालेला भोंगा एकदाच वर बघायचा. बाबांनी सुचवलं, ‘लिही, वर बघतो, अजून वर बघतो, टोपी पडते.’ तेव्हापासून टोपी पडायला लागली.

खरा पेच होता शिडीचा. एवढ्या उंच चिमणीला लागणारी शिडी वर्गात मावणार कशी? वर्गाला व्हरांड्यावर उघडणारी दोन दारं होती. पुरावानं मोजपट्टी घेऊन वर्ग मोजला, व्हरांडा मोजला, वळणं धरली आणि सांगितलं, पूर्ण फेरी एकोणीस मीटर सत्तर सेंटिमीटर. तेवढी शिडी मुलांनी पुठ्ठ्याच्या नळ्या आणि सुतळीची केली, आणि तिचा शेवट सुरुवातीलाच बांधून टाकला. मुलं ती खांद्यावर घेऊन एका दारानं आत येत, दुसऱ्या दारानं बाहेर जात, व्हरांड्यातून परत पहिल्या दारानं आत. शिडी यायची ती येतच राहायची, संपायचीच नाही. पहिल्या तालमीला शिपाईकाका दारात झाडू घेऊन उभे होते. ती जाऊ दे म्हणून ते थांबले, आणि सातव्या मिनिटाला म्हणाले, ‘बाई, ही कुठून येतेय हो?’

पुरावाला काम मिळालं हिशेबनीस बाईंचं. तिनं हातात जाड रजिस्टर घेऊन एका बाजूला उभं राहायचं आणि वार, वेळ, मजला सांगायचा. ‘मी लिहिलेलंच वाचणार,’ तिनं आधीच बजावलं. ‘मनाचं बोलणार नाही.’ बाईंनी मान्य केलं.

पालक आले त्या दिवशी चौथीच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. पहिल्या रांगेत मोठ्या बाई हातात चहाचा कप घेऊन, त्यांच्या शेजारी बाबा. पुरावाची आई कामावरून तशीच आली होती, कमरेला हत्यारांचा पट्टा, हातावर ग्रीसचा डाग.

शिडी सुरू झाली. पहिल्या फेरीला पालक कौतुकानं बघत होते. दुसऱ्या फेरीला कुजबुज. तिसऱ्या फेरीला एक गृहस्थ उठून दाराबाहेर डोकावले आणि तेव्हा जो हशा पिकला तो भिंतींना मावेना. टोपी पडली. शब्द गोठले, शेगडीवर चढले. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात दोऱ्याचं टोक होतं. दोरा छताच्या हुकावरून गेला होता आणि त्याला ब्रश टांगला होता. नाटकातल्या गुरुवारी बारा वाजता बाईंनी टोक ओढायचं, गाठ सुटणार, ब्रश भोंग्याच्या हातात पडणार.

‘गुरुवार,’ पुरावानं वाचलं. ‘दुपारचे बारा.’

भोंग्यानं हात पुढे केला. बाईंनी दोरा ओढला. काही झालं नाही. जोरात ओढला. ब्रश वरच्या वर झुलला. चुकून आधीच पडू नये म्हणून बाईंनी सकाळी एकीवर एक तीन गाठी मारल्या होत्या.

भोंग्याचा हात तसाच पुढे. त्यानं बाईंकडे पाहिलं, बाईंनी छताकडे, आणि सगळ्या वर्गानं पुरावाकडे. रजिस्टरमधलं पुढचं वाक्य होतं, ‘ब्रश हातात आला.’ तो आला नव्हता, आणि ती मुलगी ते वाचणं शक्य नव्हतं. तिचे कान लाल झाले. तिनं रजिस्टरचं एक कोरं पान उलटलं, घसा साफ केला.

‘बारा वाजून एक मिनिट,’ ती म्हणाली. ‘ब्रश अजून आलेला नाही.’

कुणीतरी फिस्सकन हसलं.

‘चौकशी केली आहे. एकेचाळीस हजाराव्या मजल्यावर एका घारीनं त्याला अडवलं. तिला घरट्याला रंग द्यायचा होता.’ तिनं पान उलटलं. तेही कोरंच होतं. ‘ब्रश तिनं दीड तास वापरला. धुतला नाही.’

भोंग्याला खूण पटली. ‘पण मी इथे कधीपर्यंत उभा राहू?’ तो गरजला. ‘माझा हात आखडला!’

‘दुसरा पुढे करा,’ ती म्हणाली.

पहिल्या रांगेतून बाबांना राहवलं नाही. ‘अहो हिशेबनीस बाई! घरट्याला रंग कुठला दिला?’

‘निळा,’ ती म्हणाली. ‘आभाळाचा. म्हणून ते घरटं कुणाला दिसत नाही.’

‘पुरावा काय?’ एकतीसपैकी निदान वीस मुलं एका आवाजात ओरडली.

‘पुरावा हाच,’ तिनं रजिस्टर फाडकन मिटलं, ‘की आजपर्यंत ते कुणालाही दिसलेलं नाही!’

बाईंच्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत असा आवाज कधी झाला नव्हता. लोक बाकांवर थापा मारत होते. लिफ्टवाली आई उभी राहून, तोंडावर ग्रीसचा हात ठेवून बघत होती. बाई हसता हसता वाकल्या, दोऱ्यावर त्यांचं वजन पडलं, दोरा तुटला, आणि ब्रश हवेत गिरकी घेऊन थेट मोठ्या बाईंच्या चहाच्या कपात उभा राहिला.

मोठ्या बाईंनी कपाकडे पाहिलं. साडीवरच्या शिंतोड्यांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

‘बारा वाजून सहा,’ त्या गंभीरपणे म्हणाल्या. ‘तरी लवकर आला म्हणायचा.’

नंतर लिफ्टवाल्या आईनं बाईंना गाठलं. ‘माझीच ना हो ती? घरी मी दोन मिनिटांत येते म्हटलं तर ही घड्याळ लावून बसते. आज घारीचा रंग कुठून काढला हिनं?’

‘हिशेब पक्का असला की सुचतं,’ बाई म्हणाल्या. पुरावा मागे उभी होती. रजिस्टर छातीशी धरून ती बाबांना विचारत होती की दर गुरुवारी सव्वाअकराला त्यांना काही काम असतं का.

शाळा सुटल्यावर बापलेक चालत निघाले. चौकात रस्ता ओलांडायला पादचारी पूल होता. बाबा तो नेहमी टाळायचे, गुडघ्यांचं निमित्त सांगून पुढच्या सिग्नलपर्यंत वळसा घालायचे. आज बोलण्याच्या नादात ते पायऱ्यांपाशी आले आणि थबकले.

‘गुडघे?’ बाईंनी विचारलं.

बाबांनी मान वर करून पूल पाहिला. ‘गुडघे ठणठणीत आहेत,’ ते म्हणाले. ‘मला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून.’

‘बाबा, तुम्ही चिमण्या रंगवल्यात!’

‘माझा जोडीदार चढायचा. मी खाली रंग कालवायचो, दोर धरायचो. तो पडेल म्हणून दिवसभर वर बघत उभा राहायचो. दिवसभर वर बघितलं की काय काय सुचत राहतं बघ. तुझ्या आईला माहीत होतं. तीच म्हणाली, पोरीला सांगू नका, तिला वर गेलेला बाप फार आवडतो.’

अठ्ठेचाळीस वर्षं ज्या माणसाला बाई ढगांत बघत होत्या, तो खाली उभा होता. दोर घट्ट धरून. त्यांनी बाबांचा हात आपल्या हातात घेतला.

‘चला,’ त्या म्हणाल्या. ‘मी धरते.’

दोघं एकेक पायरी चढले. पुलाच्या मध्यावर खालून ट्रक गेला, पूल थरथरला आणि बाबांनी डोळे गच्च मिटले. कठडा त्यांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

‘किती उंच आहोत गं?’ त्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

बाईंनी खाली पाहिलं. पाच मीटर चाळीस, फार तर पन्नास. त्यांच्या नजरेची मापात चूक सहसा होत नसे.

‘दीड फूट,’ बाई म्हणाल्या. ‘तोही भरत नाही. खाली एक कोंबडी उभी आहे, ती आपल्याला वाकून बघतेय.’

बाबा हसायला लागले. डोळे मिटलेलेच होते, पण कठड्यावरचा हात सुटला, आणि लेकीचा दंड धरून ते पुढे चालू लागले. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘मग पुढे? काय म्हणतेय कोंबडी?’